थेंबातलं आतडं

माझ्या सासुरवाडीला, आंधळगावात, माझ्या नोकरीची ओळख आजही एका वाक्यात करून दिली जाते : "आमचे जवाई नागपूरले आतडे पिकवत होते." सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर अभिमान असतो, ऐकणाऱ्याचा चेहरा जरा वाकडा होतो. मी दुरुस्त करायला जात नाही. वाक्य खरं आहे.

बहुतेक आयुष्य मी पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये काढलं. रक्त, लघवी, थुंकी, काचेच्या पट्ट्या. निवृत्तीला काही वर्षं उरली असताना नागपूरच्या आमच्या हॉस्पिटलात आतड्याच्या आजारांवर संशोधन करणारी छोटी लॅब सुरू झाली आणि तिथल्या प्रमुख डॉक्टरबाईंनी मला मागून घेतलं. आम्ही सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचो. "गुणवंत, तुमचा हात थरथरत नाही," एवढंच कारण त्यांनी दिलं. भंडाऱ्याहून रोज जाऊन-येऊन नोकरी करणाऱ्या माणसाचं पोट कायम बिघडलेलं असतं, तेव्हा आतड्याची मला थोडीफार ओळख होतीच.

आतडं पिकवायचं म्हणजे काय, ते सांगतो. पोटाच्या रुग्णाला कॅमेऱ्याची नळी घालून तपासतात, तेव्हा डॉक्टर आतड्याच्या अस्तराचा एक चिमटा काढतात. तांदळाच्या कणीएवढा तुकडा. त्या कणीत बारीक बारीक खड्डे असतात आणि खड्ड्यांच्या तळाशी मूळ पेशी. सारं अस्तर जन्मभर त्यांच्यातूनच नवं होत राहतं. हे खड्डे अलगद सोडवायचे आणि एका खास जेलच्या थेंबात बसवायचे. हे जेल आपल्या तुपाच्या अगदी उलट, थंडीत पातळ आणि उबेत घट्ट. मग त्यावर गुलाबी पाणी घालायचं. त्यात पेशींचं सगळं जेवण असतं. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली थेंबात बुडबुडे दिसू लागतात. ते फुगतात, त्यांना कोंब फुटतात, भिंतीला घड्या पडतात. त्या माणसाच्या आतड्याचं ते इवलं रूप असतं. ऑर्गनॉइड म्हणतात त्याला. आम्ही आपसात गोळे म्हणायचो.

गोळ्यांना एक दिवसाआड नवं पाणी लागतं. पोळा असो की दिवाळी, त्यांना कळत नाही. घरच्या लग्नात अक्षता टाकून मी नागपूरची बस धरलेली आहे, आणि त्यावरून बायकोचे जे बोल खाल्ले तेही लक्षात आहेत.

एवढी उठाठेव कशाला, तर आपल्या पोटात जिवाणूंची भरगच्च वस्ती असते आणि ती आतड्याच्या भिंतीशी काय बोलते, हे जिवंत माणसाच्या पोटात बसून पाहता येत नाही. गोळ्यात पाहता येतं. पण गोळा बंद पिशवीसारखा असतो. आतड्याची आतली बाजू त्याच्याही आतच राहते. म्हणून केसाहून बारीक काचेच्या सुईने जिवाणू पिशवीत सोडावे लागतात. त्यातले बरेचसे हवा लागली की मरतात, त्यांची वेगळीच मिजास सांभाळायची.

तुलनेसाठी निरोगी माणसांचे नमुनेही लागत. त्यांची विष्ठा, स्पष्टच सांगायचं तर. भंडाऱ्यातल्या ओळखीच्या लोकांना मी समजावून सांगायचो. एका निवृत्त गुरुजींनी आमचा निर्जंतुक डबा बाजूला ठेवून स्वच्छ घासलेल्या पितळी डब्यात नमुना आणून दिला. "प्लास्टिकमध्ये देणं बरं वाटेना," म्हणाले. तो नमुना कामाचा नव्हता. डबा मात्र घासून परत करावा लागला. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसलो, की कंडक्टर विचारायचा, "झिंगे हाये का जी?" मी म्हणायचो, "नाही जी." पुढे त्याने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

या कामातलं एक माणूस मला सोडत नाही. ते सांगण्यासाठीच लिहायला बसलो.

नमुना काढला जाई तेव्हा मी थंड पाण्याची कुपी घेऊन तपासणीच्या खोलीबाहेर उभा राहायचो. रुग्णाचं नाव मला कळू नये असा नियम होता. कुपीवर फक्त क्रमांक. त्या दिवशी आतून आवाज आला, "सिस्टर, मले लगित दुखन का?"

लगित, म्हणजे खूप. नागपूरला इतकी वर्षं काढली, पण हा शब्द असा अचानक कानावर आला की आजही मान वळते. सिस्टर केरळच्या होत्या, त्या गोंधळल्या. मी दारातूनच म्हणालो, "नाही दुखत, बेटा. झोपेचं इंजेक्शन देतेत. तू कोनत्या गावची?"

"करडीकडची, काका. तुमी?"

झालं. नियम तिथेच संपला.

तिचं नाव पौर्णिमा. वय विशीच्या पुढे थोडं. घर ढिवरांचं. वडील आणि भाऊ गावच्या तलावात मासेमारी करायचे, आई शिंगाडे काढायची. पौर्णिमा बी.ए. झाली होती. पोटात मुरडा, रक्त पडणं, खाल्लेलं अंगाला न लागणं, हे सगळं कॉलेजात असताना सुरू झालं. आतड्याला कायमची सूज. औषधांनी काही महिने बरं वाटायचं, पुन्हा तेच. अंगावर मांस असं नव्हतंच. आई पेज करून पुढे ठेवायची आणि ती दोन घोट घेऊन ताट सारायची.

तपासणीसाठी आली की ती लॅबच्या दारात येऊन बसायची. आत यायला परवानगी नव्हती. मी बाहेर जाऊन बोलायचो. गावात कोणाचं भाताचं रोवणं झालं, कोणाच्या बोडीत, म्हणजे शेततळ्यात, मरळ मासा निघाला, कोण कोणाशी भांडलं. बातम्या ती आणायची आणि मी ऐकायचो. खरं तर तिची वाट पाहायचो.

एकदा तिने सरळ मॅडमनाच विचारलं, "मॅडम, माहे आतडे मले पाहू देता का?"

मॅडम हसल्या, आणि एप्रन चढवून तिला आत घेतलं. मी तिच्या गोळ्यांची थाळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ती वाकली आणि किती तरी वेळ वाकूनच राहिली.

"काका, हे तं जिऱ्यावानी दिसून राहिले."

जिरं म्हणजे माशांची नुकती जन्मलेली पिल्लं. तलावात सोडायला पाण्याने भरलेल्या पिशव्यांतून आणतात. ढिवराच्या पोरीला दुसरं काय दिसणार? त्या दिवसापासून मीही तिच्या गोळ्यांना जिरंच म्हणू लागलो.

"यायले दुखते का?" तिने विचारलं.

मॅडमनी समजावलं, की यांना मज्जातंतू नसतात, मेंदू नसतो, काही जाणवत नाही.

"मंग बरं," ती म्हणाली. आणि उठताना थाळीला अलगद बोट लावलं.

तिच्या जिऱ्याने आम्हाला बरंच दाखवलं. आम्ही पिशवीत चमकणारा रंग सोडायचो. भिंत धड असली की रंग आत राहतो. तिच्याच पोटातला एक जिवाणू त्यात सोडला, की भिंत झिरपायला लागे आणि रंग बाहेर येई. निरोगी माणसाच्या गोळ्यात तोच जिवाणू गुमान पडून राहायचा. म्हणजे एकटा जिवाणू वाईट नव्हता आणि एकटी भिंतही दोषी नव्हती. दोघांचं एकमेकांशी जमत नव्हतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने क्षणात पकडलं, "म्हंजे तलावाची पाळ झिरपते तसं. पाळ पोखरनारे खेकडे तं सगळ्याच तलावात राहतेत."

आणि मग एक दिवस झिरपणं थांबलं. निरोगी पोटातले काही जिवाणू एक पदार्थ तयार करतात. तो आम्ही आधी थाळीत घातला आणि मग तिचा जिवाणू सोडला. रंग आतच राहिला. पुन्हा केलं, पुन्हा राहिला. मॅडमनी सगळ्या लॅबला समोसे खाऊ घातले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून काही नवं घडल्यासारखं वाटलं ते तेव्हाच.

पौर्णिमा पुढच्या खेपेला आली तेव्हा मॅडमनी तिला स्वतः सांगितलं. ती ऐकत होती, डोळे मोठे झाले होते.

"मंग मले कधी देता?"

मॅडम खुर्ची ओढून तिच्या समोर बसल्या. थाळीत चाललं म्हणजे पोटात चालेल असं नाही. आधी इतर चाचण्या, मग परवानग्या, मग माणसांवर तपासणी. यात वर्षं जातात, आणि शेवटी फसलं असंही होतं. त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर बोललो असतो.

पौर्णिमाने सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हंजे जिऱ्यायले औषध भेटलं काका, मले नाही भेटलं." आणि हसली. रागाचं हसू नव्हतं ते. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या हिवाळ्यात तिचं आतडं घरीच फुटलं. भंडाऱ्याला आणलं, तिथून नागपूरला निघाले, पण फार उशीर झाला होता. मला सकाळी लॅबमध्ये पाऊल ठेवल्यावर कळलं. मॅडम दारातच थांबल्या होत्या. "गुणवंत, घरी जायचं असेल तर जा," म्हणाल्या.

मी गेलो नाही. त्या दिवशी तिच्या थाळ्यांचं पाणी बदलायचं होतं. उबेच्या कपाटातून थाळी काढली, खाली ठेवली आणि पाहिलं. जिरं छान वाढलं होतं. कोंब फुटले होते. त्यांना काही खबर नव्हती. मी जुनं पाणी काढलं, नवं घातलं, झाकण लावलं. हात थरथरला नाही. याचंच नंतर फार वाईट वाटलं.

पुढे ते काम संपलं तेव्हा तिचे गोळे कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवले. तिथल्या थंडीत सगळं थांबतं. वाढणं नाही, मरणं नाही. हवं तेव्हा काढून ऊब दिली तर बहुतेक वेळा पुन्हा वाढू लागतं. बहुतेक वेळा.

वर्ष उलटून गेल्यावर एके दुपारी शिपाई सांगत आला, "कोणी बाई आली, करडीकडची. तुमालेच विचारून राहिली." पौर्णिमाची आई होती, सुमनबाई. वॉर्डात कितीदा पाहिलं होतं, पण आता ओळखू येईना इतकी वाळली होती.

मी पाणी दिलं. पाणी न पिताच ती म्हणाली, "भाऊ, पोरीचा एक तुकडा इथं जिता हाये म्हनतेत. खरं हाये का?"

"हो बाई. खरं हाये."

"गावात म्हनतेत, तो जिता हाये तंवर तिचा जीव सुटत नाही. अडकून राहते म्हनतेत." पदराने तोंड पुसलं. "मी रातभर इचार करतो. तिनं का कमी भोगलं? आता तं सोडा तिले."

मी तिला मॅडमकडे नेलं. जीव, आत्मा यावर मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते एवढंच, "पौर्णिमाने नमुना राजीखुशीने दिला होता. पण तुम्ही तिच्या आई आहात. तुम्ही नष्ट करा म्हणालात तर आम्ही करू, कोणी तुम्हाला का म्हणून विचारणार नाही."

 सुमनबाई म्हणाली, "त्याच्या आंधी एकदा पाहाले भेटन का?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. मात्र सुमनबाईला गावी जाऊन वाट पाहावी लागणार होती, कारण टाकीतून काढलेल्या कुपीत पाहण्यासारखं काही नसतं. ते उगवावं लागतं.

पहिली कुपी उगवली नाही. आठवडाभर मी रोज थाळीत पाहिलं. थेंबात काळे ठिपके होते, तेही विरत गेले. या कामात असं होतं. चार वेळा झालं असेल आणि मी खांदे उडवून पुढच्या कामाला लागलो असेन. या वेळी मला जेवण जाईना. बायको म्हणाली, "कायले एवढं मनाले लावून राहिले? लॅबचंच तं काम हाये." तिला सांगता येईना, की एका आईची पोरगी माझ्या हातून दुसऱ्यांदा जाऊन राहिली.

दुसरी कुपी काढताना मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. एरवी त्या अशा उभ्या राहत नसत. दोन-तीन दिवस काहीच नाही. मग एका सकाळी एका थेंबाच्या कडेला एक बुडबुडा दिसला, अगदी गोल, कडेला उजेडाची रेघ. मग आणखी एक. मी तिथूनच करडीला फोन लावला.

"बाई, या."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आली. मी तिला एप्रन घातला, डोक्याला टोपी, हातात मोजे. सूक्ष्मदर्शकावर वाकली आणि लगेच मागे झाली. "भाऊ, मले तं माह्याच पापण्या दिसून राहिल्या."

सगळ्यांचं सुरुवातीला असंच होतं. मी उंची लावून दिली, डोळा जरा दूर धरायला सांगितलं. पुन्हा वाकली. या वेळी मागे झाली नाही.

"कोनती?" तिने हळूच विचारलं.

"कोनती म्हंजे?"

"यातली पौर्णिमा कोनती?"

"सगळ्याच, बाई."

डोळा तिने काढला नाही. किती तरी वेळाने म्हणाली, "हालत नाही काही. झोपल्या का?"

"झोपल्या नाही. वाढून राहिल्या. आज त्यायले खाऊ घालाचं हाये."

"का खातेत?"

मी बाटली दाखवली. तिने ती हातात घेऊन उजेडात धरली, गुलाबी पाणी हलवून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिने मागितलं नाही, पण मला कळलं. मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "एक थाळी वेगळी काढा. कामासाठी वापरायची नाही ती."

मी सुमनबाईला खुर्चीवर बसवलं आणि तिचा हात धरून शिकवलं. नळी इथे धरायची, जुनं पाणी कडेने ओढायचं, थेंबाला धक्का लावायचा नाही. नवं पाणी थाळीतल्या खणाच्या भिंतीच्या आधाराने हळू सोडायचं. तिचा हात शिंगाड्याच्या काट्यांनी खरबरीत झालेला, मोज्यातूनही जाणवत होता. एक खण झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मी हात सोडला. तिने एकटीने केलं. एक थेंबही हलला नाही.

सगळं झाल्यावर थाळीवर झाकण ठेवलं आणि झाकणावर हात तसाच ठेवून ती म्हणाली, "घरी दोन घोटाच्या वर घेत नव्हती. इथं तं सगळं खाऊन राहिली."

 मॅडम खिडकीकडे वळल्या होत्या.

एप्रन काढून देताना तिने सांगितलं, "राहू द्या मॅडम. मारू नोका." मॅडमनी विचारलं, नक्की का? गावातले लोक काय म्हणतील? "म्हनू द्या," ती म्हणाली. "त्यायनं पाहिलं नाही."

मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो.  वाटेत ती, या वर्षी शिंगाडा बरा आला, एवढंच बोलली.

पुढे मी निवृत्त झालो. आता भंडाऱ्यातच असतो. सकाळी वैनगंगेच्या पुलापर्यंत फिरून येतो, दुपारी पेपर वाचतो. लोक म्हणतात, आता आराम. पण एक दिवसाआड काही तरी राहून गेल्यासारखं होतं आणि हात रिकामे वाटतात. चहा गाळताना कधी कधी मी कप तिरपा धरून कडेने, अगदी हळू चहा सोडतो. बायको पाहत असते.

मागच्या दिवाळीच्या सुमारास मॅडमचा फोन आला. पौर्णिमाच्या गोळ्यांवरचं काम पुढे न्यायला दक्षिणेतली एक मोठी लॅब तयार झाली होती. तिथे यंत्रं जास्त, माणसं जास्त. तिच्या सगळ्या कुप्या तिकडे जाणार होत्या. "सुमनबाईंना विचारायला हवं," मॅडम म्हणाल्या, "आणि हे फोनवर विचारणं बरं दिसत नाही. तुम्ही जाल?"

गेलो. सुमनबाई तलावाच्या पाळीवर बसून शिंगाडे निवडत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं. तिकडे अशाच आजारी पोरापोरींचे गोळे आहेत, पौर्णिमाचे त्यांच्यासोबत राहतील, त्या औषधाचं काम पुढे सरकेल. तुम्ही नको म्हणालात तर कुप्या नागपूरलाच राहतील.

"नाही, जाऊ द्या," ती म्हणाली. "कोनाच्या तरी पोरीले भेटन औषध." शिंगाडे निवडणारे हात मात्र थांबले होते. "लगित दूर हाये का?"

"हो. रेल्वेनं एक दिवस-रात लागते."

"तितं कोनी आपल्या बोलीचं हाये का, भाऊ?"

 तिथल्या बाईंशी मी फोनवर बोललो होतो. तामिळ बोलणाऱ्या, मोडकं हिंदी येणाऱ्या, आवाजाने प्रेमळ.

"नाही, बाई. कोनी नाही."

तिने एक शिंगाडा सोलला आणि माझ्या हातावर ठेवला. "मंग तुमी फोन करत जा त्यायले. इचारत जा. अन् मले सांगत जा."

तेव्हापासून हे माझं काम आहे. अधूनमधून मी त्या लॅबमध्ये फोन लावतो आणि त्या बाई न कंटाळता सांगतात, "अच्छे हैं सर, बढ़ रहे हैं." मग मी सुमनबाईला फोन करतो आणि आपल्या बोलीत सांगतो. ती दर वेळी काही तरी नवं विचारते.

यंदा आपल्याकडे पावसाने ओढ दिली. भाताच्या बांध्यांना भेगा पडल्या, रोवणे खोळंबले. मी फोन केला तेव्हा सुमनबाई आधी त्याबद्दलच बोलली. मग थांबून म्हणाली, "तितं आला का जी पानी?"

मी फोन ठेवला आणि पुन्हा दक्षिणेत लावला. त्या बाईंना वाटलं, गोळ्यांचं काही विचारायचं राहिलं. मी म्हणालो, "नहीं मॅडम, वो नहीं. आपके यहाँ बारिश हो रही है क्या?"

 त्या बहुधा खिडकीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "हाँ सर. सुबह से हो रही है."

मी करडीला फोन लावला आणि सांगितलं.